‘गॅस भरून घ्या’ म्हणण्याआधी : जुन्या, फेरबदल केलेल्या गाडीचा एसी कसा तपासायचा

आजचा विषय तुमच्या पत्रांमधूनच आला आहे. वडोदऱ्याहून एका काकांनी विचारलंय, त्यांच्या अँबेसेडरमध्ये नंतर बसवलेला एसी हायवेला गार आणि सिग्नलला गरम का होतो. हैदराबादच्या एका ताईंच्या जुन्या मारुती ८००मध्ये दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो. बेळगावच्या एका मित्राच्या जीपमध्ये अर्धा तास झकास थंडावा येतो आणि मग हवाच येणं बंद होतं. तिघांना आपापल्या गावात एकच उत्तर मिळालंय : गॅस भरून घ्या.

मला स्वतःला हे उत्तर एका उन्हाळ्यात तीनदा मिळालं. तीनदा मी पैसे दिले. आणि त्याची खरी किंमत पैशांत नव्हतीच. म्हणून आधी ती हकिकत सांगतो, मग तपासणीची पद्धत.

मोरटक्क्याच्या पुलावर

मी इंदूरला राहतो. वडिलांनी १९९८ साली घेतलेली मारुती जिप्सी किंग अजून माझ्याकडे आहे. १,२९८ सीसीचं, कार्ब्युरेटरचं इंजिन. कारखान्यातून आली तेव्हा तिच्यात एसी नव्हता. वडील गेल्यावर मी वर हार्डटॉप बसवला आणि आईला उन्हाचा त्रास होतो म्हणून एसी लावून घेतला. कॉम्प्रेसर आणि त्याचं ब्रॅकेट जुन्या एस्टीमचं, कारण तिचं इंजिन याच घराण्यातलं. कंडेन्सर बाजारात मिळणारा, कूलिंग कॉइलचा डबा डॅशबोर्डखाली लटकवलेला. जुन्या गाड्यांचे एसी असेच जमवलेले असतात.

गेल्या मे महिन्यात आई म्हणाली, ओंकारेश्वरला जाऊन येऊ. आईचं वय शहात्तर. सकाळी लवकर निघायचं ते उशीर झाला. भेरूघाट उतरेपर्यंत एसी छान चालला. बडवाह ओलांडून मोरटक्क्याच्या नर्मदेच्या पुलापाशी आलो आणि गाड्यांची रांग लागलेली. दुपारचा एक वाजलेला. गाडी थांबली तशी पाच मिनिटांत जाळीतून कोमट हवा यायला लागली, मग गरम. मग समोरून ‘फुस्स’ असा आवाज आला आणि एसी संपलाच. काचा उघडल्या तर बाहेरची हवा भट्टीसारखी. पाऊण तासाने आईकडे पाहिलं तर ती बोलायची थांबली होती. चेहरा लाल, हात गार, प्रश्न विचारला तर उत्तर भलतंच. कशीबशी गाडी वळवली, बडवाहला एका दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं, अंगावर ओले कपडे ठेवले, संध्याकाळी ती सावरली. डॉक्टर एवढंच म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर इंदूरला न्यावं लागलं असतं.

तो एसी मी मार्चमध्ये भरला होता, एप्रिलमध्ये भरला होता आणि निघायच्या आठ दिवस आधी पुन्हा भरला होता. दर वेळी मिस्त्री म्हणाला, “गॅस कम है भैया.” आणि गॅस खरोखरच कमी असायचा. पण तो कमी का होतो, हे त्यानेही पाहिलं नाही आणि मीही विचारलं नाही.

एसी गारवा तयार करत नाही

पुढचं समजायला एवढं लक्षात ठेवा. एसी गारवा तयार करत नाही, तो उष्णता उचलून बाहेर टाकतो. गाडीतल्या कूलिंग कॉइलमध्ये पातळ गॅस उकळतो आणि उकळताना आतली उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून बाहेर ढकलतो. पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर ती उष्णता बाहेरच्या हवेला देतो आणि वाफेचा पुन्हा द्रव होतो. मधला ड्रायर ओलावा टिपतो. एक्सपान्शन व्हॉल्व्ह द्रवाला बारीक वाटेने सोडतो, त्याचा दाब एकदम पडतो आणि तो परत कॉइलमध्ये उकळायला जातो.

म्हणजे हे पाणी भरण्याच्या खेपेसारखं आहे. इकडून हंडा भरायचा आणि तिकडे ओतायचा. तिकडे ओतायला जागाच नसेल, तर इकडे कितीही हंडे आणा, काम अडणारच. बऱ्याच जुन्या गाड्यांत बिघाड ‘ओतायच्या’ बाजूला असतो आणि आपण हंडे वाढवत बसतो.

दुसरी गोष्ट : गॅस हे पेट्रोल नव्हे. तो खर्च होत नाही. जुन्या गाडीत रबरी नळ्यांतून थोडा थोडा झिरपतो हे खरं, पण महिन्याभरात संपला तर तो कुठून तरी गेला आहे. कुठून, ते शोधल्याशिवाय पुन्हा भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

पाना हातात घेण्याआधी लक्षणं लिहा

एक वही घ्या. तीन दिवस फक्त निरीक्षण करा : केव्हा गार, केव्हा गरम, गाडी चालू की उभी, ऊन की सावली. बरंचसं निदान इथेच होतं.

हायवेला गार आणि गर्दीत गरम : कंडेन्सरला हवा मिळत नाही. पंखा, पंख्याचा रिले, कंडेन्सरमध्ये अडकलेला कचरा किंवा कंडेन्सरभोवती राहिलेल्या फटी पाहा. नंतर बसवलेल्या कंडेन्सरच्या कडेला बोट-दोन बोटं मोकळी जागा असेल, तर इंजिनची गरम हवा तिथून वळून परत पुढे येते. फोमच्या पट्ट्या चिकटवल्या तरी फरक पडतो.

आधी गार, मग जाळीतून हवाच कमी होते आणि पंधरा मिनिटं बंद ठेवल्यावर पुन्हा ठीक : कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. थर्मोस्टॅटची वायर कॉइलच्या पात्यांमधून निसटलेली असते किंवा थर्मोस्टॅट बिघडलेला असतो. बेळगावच्या मित्रा, तुझं दुखणं हेच दिसतंय. कोकण, गोवा, चेन्नई अशा दमट हवेत हे जास्त होतं.

दर थोड्या मिनिटांनी गार-गरम, गार-गरम : यात दोन संशयित. एक, आत ओलावा आहे आणि तो एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठून वाट अडवतो. दोन, कॉम्प्रेसरचा क्लच तापला की सुटतो. क्लच पाहणं सोपं आहे : बॉनेट उघडा आणि गरम होण्याच्या क्षणी क्लचची पुढची चकती फिरतेय का बघा.

कधीच धड गार होत नाही : गॅस कमी, कॉम्प्रेसर थकलेला किंवा हीटरचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. हा तिसरा चोर बहुतेकांना आठवतच नाही. इंजिनचं गरम पाणी हीटरमध्ये फिरत असेल, तर एकाच डॅशबोर्डखाली एक गार करतो आणि दुसरा गरम. इंजिन तापल्यावर हीटरच्या दोन्ही नळ्यांना हात लावा. व्हॉल्व्ह बंद असूनही दोन्ही सारख्याच चटका देत असतील, तर पाणी आत फिरतंय.

आधी वीज, मग गॅस

फेरबदल केलेल्या गाडीत वायरिंगचा नकाशा नसतो. तो ज्याने जोडला त्याच्या डोक्यात असतो आणि तो मिस्त्री आता दुसऱ्या गावी गेलेला असतो. म्हणून साधा मल्टिमीटर घ्या.

इंजिन आयडलवर, एसी, ब्लोअर आणि हेडलाइट चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. १३ व्होल्टच्या खाली असेल तर अल्टरनेटरला भार झेपत नाहीये. मग क्लचच्या वायरवर मोजा. बॅटरी आणि क्लच यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वाटेत कुठेतरी गंजलेला जोड किंवा कच्चं अर्थिंग आहे. क्लचची कॉइल साधारण तीन-चार अँपिअर घेते. व्होल्टेज कमी मिळालं की पकड ढिली होते, चकती घसरते, तापते आणि लोक म्हणतात कॉम्प्रेसर गेला.

कंडेन्सरचा पंखा आणि ब्लोअर यांना स्वतःचा रिले आणि स्वतःचा फ्यूज हवाच. डॅशबोर्डच्या बारीक स्विचवरून थेट पंखा चालवलेला असेल तर तो प्रश्न गारव्याचा नाही, आगीचा आहे. एसी तासभर चालवून स्विच आणि फ्यूजच्या पेटीला हात लावा. हात ठेववत नसेल तर गाडी तिथेच थांबवा आणि आधी वायरिंग करून घ्या.

दोन घड्याळं काय सांगतात

आता गेज. निळं कमी दाबाच्या बाजूला, लाल जास्त दाबाच्या. आधी इंजिन बंद असताना बघा. गाडी रात्रभर उभी असेल तर दोन्ही काटे एकाच आकड्यावर हवेत. आर-१३४ए गॅसचा हा दाब तापमानावर ठरतो : ३० अंशांना सुमारे ९७ पीएसआय, ४० अंशांना सुमारे १३३.

इथे भलेभले फसतात. हा आकडा बरोबर आला म्हणजे गॅस पुरेसा आहे, असं नाही. आत थोडासा जरी द्रव गॅस शिल्लक असेल तरी दाब तेवढाच दिसतो, मग तो शंभर ग्रॅम असो वा पाचशे. या आकड्यावरून दोनच गोष्टी कळतात. तो खूप कमी असेल तर गॅस जवळजवळ संपलाय. तो बराच जास्त असेल तर आत हवा किंवा भलताच गॅस मिसळलाय, आणि मग सगळं काढून नव्याने भरण्यावाचून इलाज नाही.

आता इंजिन चालू करा, साधारण १,५०० फेऱ्यांवर ठेवा, ब्लोअर पूर्ण. बाहेर ३५ ते ४० अंश असताना निळं घड्याळ ३० ते ४५ आणि लाल २०० ते २६० या दरम्यान असेल तर तब्येत ठीक. दोन्ही कमी : गॅस कमी. दोन्ही जास्त : गॅस जास्त, आत हवा, किंवा कंडेन्सर गुदमरलाय. निळं जास्त आणि लाल कमी : कॉम्प्रेसर आतून थकलाय. निळं शून्याकडे किंवा त्याखाली जातंय : वाट कुठेतरी तुंबली आहे, बहुधा ड्रायरमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये.

माझ्या जिप्सीत काय निघालं

आई घरी आल्यावर मी ठरवलं, आता नळीला नळी लावायची नाही. आधी कोरडा नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत भरून घेतला आणि रात्रभर ठेवला. सकाळी काटा जागच्या जागी. म्हणजे गळती नाही! मग दोन महिन्यांत तीनदा भरलेला गॅस गेला कुठे?

नीट पाहिलं तर कॉम्प्रेसरच्या मागच्या बाजूला सुरक्षा-झडपेभोवती आणि तिच्या बरोबर वर बॉनेटला आतून तेलाचे शिंतोडे होते. ही झडप दाब फार वाढला, साधारण ५०० पीएसआयच्या पुढे गेला, की उघडते, गॅस बाहेर टाकते आणि पुन्हा बंद होते. म्हणून नायट्रोजनला गळती सापडली नाही. पुलावरचा ‘फुस्स’ आवाज तोच. ती झडप नसती तर नळी फुटली असती.

मग दाब एवढा का वाढत होता? व्हॅक्यूम करून वजनकाट्यावर मोजून ५०० ग्रॅम गॅस भरला. आयडलवर लाल काटा २५०, ३००, ३५०, ३८० असा चढत गेला. मी मगभर पाणी कंडेन्सरवर ओतलं. काटा सरसर २३०वर आला. पाणी वाळलं तसा पुन्हा चढला. याचा अर्थ स्पष्ट होता : गॅस ठीक, कॉम्प्रेसर ठीक, कंडेन्सरला हवा मिळत नाही.

पण पंखा तर जोरात फिरत होता. इंजिन बंद केलं, फक्त पंखा चालू ठेवला आणि जाळीसमोर वर्तमानपत्राचा तुकडा धरला. पंखा कंडेन्सरच्या पुढे बसवलेला आहे, म्हणजे त्याने बाहेरची हवा आत ढकलायला हवी, कागद जाळीकडे ओढला जायला हवा. कागद माझ्या तोंडावर आला. पंखा उलटा फिरत होता.

इंजिनचा स्वतःचा पंखा मागून हवा आत ओढत होता आणि हा पुढून बाहेर फेकत होता. दोघांची रस्सीखेच चाललेली आणि मध्ये कंडेन्सर तापत बसलेला. हायवेला वाऱ्याचा रेटा या पंख्याला हरवायचा, म्हणून तिथे गारवा. गर्दीत उभं राहिलं की खेळ खलास. दर वेळी थंडावा कमी म्हणून मिस्त्री ‘थोडा जास्त’ गॅस भरायचा, दाब आणखी वाढायचा, झडप उघडायची.

आता प्रश्न, पंख्याच्या वायरी उलट कोणी जोडल्या? मी. दोन वर्षांपूर्वी मोटर जळाली तेव्हा पैसे वाचवायला मी घरीच दुसऱ्या गाडीची मोटर बसवली होती. दोन वायरी, दोन्ही काळ्या. अंदाजाने जोडल्या. पंखा फिरला, मी खूश. तो कुठल्या दिशेने फिरतोय हे पाहिलंच नाही. डीसी मोटर वायरी उलट केल्या की उलटीच फिरणार, शाळेत शिकलेली गोष्ट. दोन महिने मी त्या मिस्त्रीला नावं ठेवत होतो. दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला खरं काय ते सांगितलं. त्यानेही कबूल केलं की कारण न शोधता गॅस भरायला नको होता. त्याच्याकडचा कागदाचा तुकडा आता भिंतीवर खिळ्याला लटकलेला असतो.

वायरी बदलल्या. ४१ अंशांत आयडलवर लाल काटा २५५वर स्थिरावला, निळा ३८वर, जाळीतली हवा १२ अंश. शिवाय दोन्ही बाजूंनी राखण करणारा प्रेशर स्विच बसवून घेतला. दाब साधारण ३० पीएसआयच्या खाली किंवा ४००-४५०च्या वर गेला की तो क्लच सोडतो. नंतर बसवलेल्या कित्येक एसींमध्ये हा स्विच नसतो. तुमच्यात आहे का, ते आजच विचारा.

गॅस भरायचाच असेल तर

एक, मोजून भरा. फेरबदल केलेल्या गाडीवर ‘इतके ग्रॅम’ असं स्टिकर नसतं, ते आपण बनवायचं. ४०० ग्रॅमपासून सुरू करा, मग पन्नास-पन्नास ग्रॅम. प्रत्येक टप्प्याला जाळीत थर्मामीटर. तापमान उतरायचं थांबलं आणि लाल काटा मात्र चढायला लागला, की तिथे थांबा. माझ्या गाडीचा आकडा ५२५ ग्रॅम निघाला. तो बॉनेटच्या आत रंगाने लिहून ठेवलाय.

दोन, व्हॅक्यूम पंप किमान अर्धा-पाऊण तास चालू द्या. त्याने हवाच नव्हे, ओलावाही निघतो, कारण इतक्या कमी दाबाला पाणी साध्या तापमानातही उकळून जातं. सिस्टिम उघडी राहिली असेल तर ड्रायर नवा.

तीन, अँबेसेडर, पद्मिनी, कॉन्टेसा किंवा जुनी ८०० असेल आणि एसी मूळचा आर-१२चा असेल, तर सांभाळा. ओझोनच्या थराला घातक म्हणून माँट्रियल करारानुसार आपल्या देशात २०१०पासून तो बंद झाला. आर-१३४ए भरताना जुनं मिनरल तेल चालत नाही, ते या गॅसबरोबर फिरत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. जुनं तेल काढून एस्टर तेल, नवे ओ-रिंग, आर-१३४एला चालणारा ड्रायर आणि गॅस मूळच्या वजनाच्या ८० ते ९० टक्के. जमल्यास मोठा कंडेन्सर. वडोदऱ्याच्या काकांनी आधी कागदाची परीक्षा करावी, मग हा प्रश्न विचारावा.

चार, कोणी स्वस्तात एलपीजी किंवा तसलाच जळणारा गॅस भरून देतो म्हणाला तर गाडी घेऊन निघून या. कूलिंग कॉइल तुमच्या पायाशी आहे. ती गळली की जळणारा गॅस बंद काचांच्या आत साठतो आणि ठिणगी द्यायला डॅशबोर्डखाली ब्लोअर आहेच.

पाच, हातमोजे आणि चष्मा. द्रव गॅस डोळ्याला किंवा कातडीला लागला तर गोठवून जखम करतो. इंजिन चालू असताना गेजचा लाल व्हॉल्व्ह उघडून डब्यातून गॅस भरू नका, डबा फुटतो. गळती शोधायला ऑक्सिजन कधीही वापरू नका, तेलाशी त्याची गाठ पडली की स्फोट. आणि जुना गॅस हवेत सोडू नका, मशीनने काढून घ्या. आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट पृथ्वी तापवतो.

शेवटचं

हैदराबादच्या ताई, तुमच्या गाडीला नायट्रोजन लावून रात्रभर ठेवा. काटा उतरला तर साबणाच्या पाण्याने गळती शोधा. नाही उतरला तर झडपेभोवती तेल आहे का बघा.

आणि सगळ्यांना एक सांगतो. एसी दुरुस्त असला तरी जुनी गाडी ती जुनी गाडीच. मे महिन्यात घरातलं वयस्क माणूस किंवा लहान मूल घेऊन निघताना पहाटे निघा, पाणी आणि ओला पंचा जवळ ठेवा. उन्हात माणूस असंबद्ध बोलायला लागलं, तर एसी कधी सुरू होतो याची वाट बघू नका. सावली, अंगावर पाणी आणि सरळ दवाखाना.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुन्हा ओंकारेश्वरला गेलो. या वेळी पहाटे पाचला निघालो, तरी मोरटक्क्याला रांग होतीच. वीस मिनिटं उभे होतो. मी काट्याकडे बघत होतो. आईने पदर खांद्याभोवती घेतला आणि म्हणाली, “अरे, जरा कमी कर. गारठले मी.”

तुमच्या गाडीचं लक्षण लिहून पाठवा, पण तीन दिवसांच्या वहीसकट. भेटू पुढच्या भागात.